घराकडे नेणारे अकरा दगड

माझं अक्षर पाहून आजवर एकच माणूस रागावला, आणि तो माझा बाप. एरवी कर्जतच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो तेव्हापासून स्नेहसंमेलनाचा पडदा म्हणा, गुणवंतांचा फळा म्हणा, सगळं माझ्या हातचं आहे. 'येथे थुंकू नये' हा माझा फलक पाहून तर एक तपासनीस म्हणाले होते, "टिपणीस, इतकं सुबक अक्षर आहे, की माणूस थांबून वाचेल." लोक खरंच थांबून वाचतात आणि मग थुंकतात. तो काही अक्षराचा दोष नाही.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या आप्पांना घर सापडेनासं झालं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, त्र्यंबक रघुनाथ टिपणीस, निवृत्त मोजणीदार. पस्तीस वर्षं त्यांनी साखळी टाकून कुलाबा जिल्ह्यातली शेतं मोजली. कुणाचा बांध कुणाच्या बांधाला कुठं टेकतो हे त्यांना तोंडपाठ होतं. सत्तरी ओलांडली आणि विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माझं नाव. कधी मी 'बाळ' असे, कधी 'अहो', आणि एकदा तर त्यांनी मला अर्धा तास थांबवून घेऊन सांगितलं, की माझा धाकटा मुलगा तुमच्याएवढाच आहे, चित्रं काढतो, त्याचं पुढं कसं होणार कोण जाणे. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

उंबरशेत हे आमचं गाव खालापूर तालुक्यात. गावाच्या टोकाला आमचं घर आणि शेतं ओलांडून अर्ध्या मैलावर बहिरीचं देऊळ. सकाळचा चहा झाला की आप्पा काठी घेऊन बांधाबांधानं देवळात जायचे. जाताना कधी चुकत नसत. येताना मात्र तीच वाट त्यांना परकी वाटायची. आता वाट उलटी केली की निराळी दिसते हे खरंच आहे. मी स्वतः चित्र उलटं धरून पाहिलं आहे. एकदा ते शेजारच्या गावच्या शाळेत चौथीच्या वर्गात जाऊन बसले आणि गुरुजींची त्रिकोणाच्या क्षेत्रफळात चूक काढली. दुसऱ्यांदा खोपोलीच्या एस.टी.त सापडले. कंडक्टरनं "कुठं उतरायचं, बाबा?" विचारलं तर म्हणाले, "हद्द आली की."

ही खोपोलीची बातमी मुलुंडला दादाच्या कानावर गेली. दादा माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्याचं पत्र आलं. क्रमांक घालून मुद्दे होते. मुद्दा चौथा: 'आप्पांना आता मोकळं सोडणं धोक्याचं आहे. पुढच्या महिन्यात येऊन मी त्यांना घेऊन जाणार. आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरून कडी लावली की काळजी नाही.'

ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर आभाळाखाली जमीन मोजली, त्याला बाहेरून कडी! दादा वाईट नाही. तो भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाला कडी फार आवडते. मी उलट टपाली कळवलं, की आप्पा पुन्हा एकदाही हरवणार नाहीत, व्यवस्था केली आहे. व्यवस्था अर्थातच केलेली नव्हती.

"काय व्यवस्था केलीत?" सिंधूनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, विचारलं.

"फलक," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बायको काही बोलली नाही की ते जास्त लागतं.

तुपाचे रिकामे डबे कापून मी सहा पत्रे सरळ केले. पिवळी जमीन, वर निळं अक्षर, अक्षराला लाल छाया: 'घराकडे'. खाली बाण. बाणाला मी मोराच्या पिसासारखी शेपटी काढली होती, कारण आपल्या हातून कुरूप गोष्ट होत नाही. बांबूला ठोकून सहाही फलक वाटेवर उभे केले. गावातलं सल्लागार मंडळ लगेच जमलं. पोशा नावाचा आमचा एक शेतकरी शेजारी आहे. स्वतःचं काम सोडून दुसऱ्याच्या कामात त्याला फार गती. त्यानं मान तिरकी करून पाहिलं.

"मास्तर, बान जरा खाली गेलाय. मानूस खड्ड्यात जायचा."

"तो कलात्मक झोक आहे."

"आसंल. पन खड्डा बी हाय ना तितंच."

ग्रामसेवकांनी सायकल थांबवून विचारलं, की सार्वजनिक वाटेवर फलक लावायची परवानगी घेतली का. मी अर्ज केला. अर्ज पंचायत समितीकडे गेला आणि तिकडून तीन प्रश्न घेऊन परत आला. सदर घर शासकीय आहे काय? सदर बाण कायम स्वरूपाचा आहे की हंगामी? आणि घर स्थलांतरित झाल्यास बाणाची विल्हेवाट कोण लावणार? मी तिन्हींची उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिली. त्यावर उत्तर आलं, की अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना कुणाकडेच नव्हता.

पण खरा तपासनीस घरातच होता. पहिल्याच दिवशी मी लपून पाहत होतो. आप्पा देवळातून निघाले, फलकापाशी थांबले, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "घराकडे." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाच्या?"

मी पुढं झालो. "आप्पा, आपल्या."

"मालकाचं नाव नाही, आणि म्हणे घराकडे! कुठल्या गाढवानं रंगवलाय हा?"

मी अपमान गिळला आणि सहाही फलकांवर वर बारीक अक्षरात 'टिपणीस यांच्या' असं घातलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तेही वाचलं. म्हणाले, "टिपणीसांकडे माझं काही काम नाही," आणि विरुद्ध दिशेला चालायला लागले. तिसऱ्या दिवशी मी सरळ 'आप्पा, इकडे या' असं लिहिलं. त्यावर ते इतके संतापले, की काठीनं पत्रा वाकवला. "हा कोण मला हुकूम सोडणारा?"

इतर लोक मात्र फलक मनापासून पाळत. एक बोकडवाला आला. एक भांड्यांना कल्हई करणारा आला आणि कल्हई करूनच गेला. वाट चुकलेलं एक अख्खं वऱ्हाड बाण धरून ताशा वाजवत आमच्या अंगणात शिरलं. सिंधूनं बावीस कप चहा केला आणि वरमाईशी तिचं मेतकूटही जमलं. वरमाई जाताना म्हणाली, "पाटी लय झ्याक हाय, बाई. घर लगेच गावलं." माझ्या फलकांना मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक. पुढं म्हशींनी बांबूंना पाठ घासून घासून सहाही फलक आडवे केले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण चित्रकलेच्या शिक्षकाला जितकी लागते तितकी कुणालाच लागत नसावी.

मग एके दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. लडकू म्हणून एक शेतकरी, त्याच्या बांधावर मोजणीचा एक जुना हद्दीचा दगड आहे. आप्पा तिथं नेहमी थांबत. वाकत. दगडावरचं शेवाळ काठीच्या टोकानं काढत, त्याच्यावर हात ठेवत आणि तिथून पुढं मात्र बरोबर वळत. फलकावर त्यांचा विश्वास नव्हता. फलक कोणीही रंगवतो. दगडावर होता.

मला उगाच नाही शाळेत सगळे कल्पक म्हणत. ओढ्यातून मी अकरा दगड आणले, त्यांना चुन्याचे दोन हात दिले आणि लाल रंगात आकडे घातले. देवळापाशी एक, आमच्या फाटकापाशी अकरा. प्रत्येकावर घराच्या दिशेला एक साधा बाण, शेपटीशिवाय. एका रविवारी लडकूच्या, बायजाच्या आणि पोशाच्या बांधांवरून ते ओळीनं बसवले. बायजा ही विधवा बाई, एकटीनं शेत करते आणि तोंडानं फटकळ. ती बांधावर उभी राहून बघत होती, पण एक शब्द बोलली नाही. बायजा गप्प आहे हे पाहून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सोमवारी आप्पा देवळातून निघाले. एक, दोन, तीन म्हणत, प्रत्येक दगडाला काठी टेकवत, न चुकता घरी आले. चहा मागितला आणि म्हणाले, "अकराही जागेवर आहेत. सातव्याचा रंग ओघळलाय. कारकुनाला सांगा."

त्या क्षणी मला जे वाटलं ते इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हाही वाटलं नव्हतं. मी सातव्याचा रंग नीट केला. पुढं रोज आप्पा घड्याळासारखे साडेआठला फाटकात हजर. बुधवारीच मी दादाला कळवलं, की प्रश्न सुटला आहे, तरी तुला खात्री करायची असेल तर येत्या रविवारी ये.

त्या आठ दिवसांत गावाचा माझ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. लोक मला 'मास्तर' ऐवजी 'मास्तरसाहेब' म्हणू लागले. पोशा वालाच्या शेंगा घेऊन आला. बायजानं दह्याचं मडकं आणलं. लडकू तर हा एवढा भोपळा घेऊन आला आणि पायरीवर बसून राहिला.

"मास्तरसाब, आमच्यावर ध्यान असू द्या."

"अरे, असणारच! खरं सांग, दगड आवडले का तुला?"

लडकू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुमी म्हनाल तर आवडले."

मी भारावलो. कलेची कदर खेड्यात आहे ती शहरात नाही, असं मी सिंधूला म्हणालो. लडकूला म्हटलं, "तुझ्या दारावर एक छान पाटी रंगवून देतो. तुझं नाव मोठ्ठ्या अक्षरात घालू."

"नाव?" लडकू ताडकन उठला. "नको मास्तरसाब, पाया पडतो, नाव कुटंच नको!" आणि भोपळा टाकून पळाला. मला वाटलं, किती विनयशील माणूस.

रविवार उजाडला. आप्पा नेहमीप्रमाणे गेले. साडेआठ वाजले, नऊ वाजले, आणि आप्पा आले नाहीत. साडेनऊला दादा आला, कडक इस्त्री, चकचकीत बूट, हातात कातडी बॅग.

"आप्पा कुठं आहेत?"

"येतील. दगड आहेत ना वाटेवर."

"दगड?" दादा म्हणाला. तो शब्द त्यानं ज्या सुरात उच्चारला त्या सुरात आमचं लहानपणापासूनचं सगळं नातं होतं.

आप्पा आले तर घरी कोणी हवं म्हणून सिंधू थांबली आणि आम्ही दोघं शेतात निघालो. अकरा नंबर जागेवर. दहा नंबर जागेवर. नववा लडकूच्या बांधावर असायला हवा होता. तिथं नुसता गोल फिकट डाग होता. आठव्याच्या जागी शेणाचा पो. दादाचा बूट चिखलात रुतला आणि त्यानं तो उपसताना जे म्हटलं ते सरकारी मराठीत बसणारं नव्हतं.

"लडकू!" मी हाक मारली. "अरे, आप्पांना पाहिलंस का? आणि दगड कुठं गेले?"

लडकू खोपीतून बाहेर आला, दादाची बॅग आणि बूट पाहिले आणि त्यानं हातच जोडले. चोराच्या मनात चांदणं.

"साब, माजी चुकी झाली. नऊ नंबर मी हलवला. फकस्त बांदाच्या पल्याड!"

बांधापल्याड बायजाचं शेत. ती हातात कोयती घेऊन उभीच होती. "मेल्या, तरी मी म्हनते माज्यात दगड उगवला कुटनं! मास्तर, मी काय ठेवून घेते व्हय? आदीच मोहोपाड्याकडं माज्या भनीची जमीन कारखान्यात गेली. तितं बी पयले पांडरे दगड आले, लाल आकडे आले, मंग जीप आली, मंग नोटीस. मी नववा न् आटवा दोनी उचलले, टाकले पोशाच्यात."

"कारखाना?" मी म्हणालो. "कुणी सांगितलं तुम्हाला कारखाना येतोय म्हणून?"

"सांगायला कशाला पायजे? आप्पा मोजनीदार रोज सकाळी मोजतो नाय का! येक, दोन, तीन. आमी रोज आयकतो."

म्हणजे अख्खं गाव आठ दिवस समजत होतं, की सरकारनं आप्पांना पुन्हा कामावर घेतलंय, आणि माझ्या अकरा दगडांवरून कारखान्याचा रस्ता जाणार. शेंगा, दही आणि भोपळा यांचा कलेशी काही संबंध नव्हता. एवढा अपमान माझा पंचायत समितीनंही केला नव्हता. पण बायजा हातातली कोयती खाली ठेवायला तयार नव्हती ते मी पाहिलं, आणि रागावणं जमलं नाही. मी आठ दिवस ऐटीत होतो आणि या माणसांना आठ दिवस झोप नव्हती.

पोशा स्वतःच पुढं आला. "आता लपवून काय उपेग? माज्यात नववा आला, आटवा आला, मंग माजा सातवा व्हताच. तीन दगड! माजं शेतच केवडंसं! मी तिनी नेऊन त्या सरकारी वरकसात ठेवले, डोंगराच्या पायाला. सरकारचे दगड सरकारच्या जमिनीत. काय चुकलं?"

तर्कात खोट काढता येत नव्हती. वरकस म्हणजे डोंगराखालची खडकाळ पडीक जमीन. आप्पा सहाव्या दगडापर्यंत आले असणार आणि पुढं डोंगराकडे गेले असणार. मी धावत सुटलो. माझ्यामागं दादा, लडकू, बायजा, पोशा आणि अजून पंधरा-वीस माणसं, कारण आमच्याकडे कोणी धावताना दिसलं की कामधाम टाकून मागून धावायचं असतं.

आप्पा नवव्या दगडावर बसले होते. काठी गुडघ्यांवर आडवी, टोपी सरळ. हरवलेल्या माणसाची एकही खूण चेहऱ्यावर नव्हती.

"थांबा तिथंच," ते गरजले. "पुढं येऊन जागा तुडवू नका. दगड हलवलेत."

सगळे जागच्या जागी थांबले.

"खालचं गवत अजून हिरवं आहे. दगड दोन दिवसांपेक्षा जास्त इथं नाही. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. पंचनामा झाल्याशिवाय मी उठणार नाही." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "तुम्ही कारकून ना? कागद काढा. आणि हे आलेत ते कोण, प्रांतसाहेब का?"

दादानं बॅग पाठीमागं धरली. बापानं साहेब म्हटल्यावर करणार तरी काय? मी खिशातून चित्रकलेचा घडी केलेला कागद काढला.

आता मला सांगणं भागच होतं. वीस माणसांसमोर सांगितलं, की हे दगड सरकारचे नाहीत, कारखान्याचे नाहीत, माझे आहेत, ओढ्यातून आणलेले. "एका म्हाताऱ्या माणसासाठी ठेवले होते. त्याला घरची वाट सापडत नाही. विसर पडतो."

लडकूनं आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायजानं कोयती खाली ठेवली. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मग सगळेच हसले, पोशा तर खाली बसून.

"अवो मास्तर," लडकू डोळे पुसत म्हणाला, "मंग आदी बोलायचं नाय का! आमी आनून सोडला असता. आमाला वाटलं, येवडा मोठा मोजनीदार मानूस, त्याला काय वाट दावायची? दावली तर काटी हानंल."

"दगड तेवडे काडा," बायजा म्हणाली. "खोटे बी नकोत. खरे येतील तवा आमी तेंचं बघून घिऊ. म्हातारा आमच्या जुम्म्याला."

दादानं घसा साफ केला. "असं तोंडी चालणार नाही. पुन्हा हरवला तर जबाबदार कोण?"

"साहेब बरोबर बोलतात," आप्पा म्हणाले. "तोंडी काही खरं नसतं. लिहून घ्या. कारकून, लिहा मी सांगतो तसं."

आणि आप्पांनी सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, तो माणूस आता राहिलेला नाही. तो होता. एकही शब्द न अडखळता त्यांनी मजकूर सांगितला, की मौजे उंबरशेत येथील खाली सह्या करणारे खातेदार लिहून देतात, की सदर वृद्ध इसम ज्याच्या शेताच्या हद्दीत येईल, त्या खातेदारानं त्याला आपल्या हद्दीपर्यंत पोचवून पुढच्या खातेदाराच्या ताब्यात द्यावं, आणि शेवटच्यानं घरी. हद्दीवर माणूस टाकून जाऊ नये. मी लिहीत होतो. शेतकरी माना डोलावत होते. आपापल्या हद्दीतलं काम म्हटलं की आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

"कलम दुसरं," आप्पा म्हणाले. मग थांबले. मला वाटलं, धागा तुटला.

"त्याला हाताला धरायचं नाही," ते हळू म्हणाले. "माणसाला कमीपणा वाटतो. घर तिकडं आहे, असंही सांगायचं नाही. आपण पुढं चालायचं. तो येतो मागून. आणि सारखं मागं वळून बघायचं नाही. लिहिलंत?"

"लिहिलं," मी म्हणालो. अक्षर बिघडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिरोरेघ न देता लिहिलं. दादा बॅगेचा पट्टा उगाच काढत आणि लावत होता.

"आता इसमाचं नाव."

नाव दादानं सांगितलं. "त्र्यंबक रघुनाथ टिपणीस."

आप्पांनी नाव ऐकलं. ओळखीचं माणूस दुसऱ्याच गावात भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. "ऐकलंय," ते म्हणाले. "आमच्या खात्यात होता या नावाचा. पण नुसत्या नावावर भागत नाही, साहेब. नावं मिळतात एकासारखी एक. जमिनीचा कागद करताना आपण काय करतो? चतुःसीमा लिहितो. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कुणाचं, दक्षिणेला, उत्तरेला. चारी बाजू सांगितल्या की जमीन कुठं हरवत नाही. या माणसाची चतुःसीमा लिहा."

माणसाची चतुःसीमा कशी लिहायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग बायजा पुढं आली.

"पूर्वेला माजं नाव घाला. माजं श्यात पूर्वेलाच हाय."

"दक्षिणंला मी," लडकू म्हणाला. पोशा म्हणाला, दक्षिणेला मी पण आहे, माझं अर्धं शेत तिकडं येतं. त्यावर दोघांत थोडी बाचाबाची झाली. आप्पांनी निकाल दिला, की दोघांची नावं घाला.

"उत्तरेस," मी लिहिता लिहिता म्हणालो, "धाकटा मुलगा आणि सून."

"मुलगा आहे त्याला?" आप्पांनी विचारलं.

"आहे."

"बरं झालं."

पश्चिमेची जागा रिकामी राहिली. दादा पुढं आला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि उभ्यानंच बॅगेवर कागद ठेवून लिहिलं: 'पश्चिमेस थोरला मुलगा, मुक्काम मुलुंड.' सहीसुद्धा केली. तिसऱ्या मजल्याविषयी तो पुन्हा बोलला नाही. संध्याकाळच्या गाडीनं बॅग घेऊन एकटाच परत गेला.

पण ते नंतर. त्या वेळी आप्पांनी कागद मागितला आणि डोळ्यांजवळ धरून संपूर्ण वाचला. एकदा. मग पुन्हा चतुःसीमेची चार वाक्यं वाचली, प्रत्येक नावावर बोट ठेवून.

"चारी बाजूंना माणसं आहेत की याच्या," ते म्हणाले. "मग हा हरवतो कसा?"

मी रडत होतो, वीस माणसांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आप्पांनी कागदाची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि काठी टेकून उठले. "काम झालं. चला. आधी कुणाची हद्द?"

"माजी," बायजा म्हणाली आणि पुढं झाली. आप्पा तिच्यामागून निघाले. बायजानं बांध संपेपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र लांबून आप्पांकडे सारखा बघत होतो. ते कलम मला लागू नव्हतं.